दादाच्या गाडीचा ट्रेलर

माझ्या इंजिनिअरिंगच्या पदवीवर आमच्या घरात आजवर कोणी शंका घेतलेली नाही. घेतली असती तर बरं झालं असतं.

दादानं, म्हणजे माझ्या थोरल्या भावानं, सातवीनंतर शाळा सोडली. पुढे बरीच वर्षं त्यानं घोडेगावहून डोंगरातल्या गावांना वडाप चालवलं. एसटी चुकलेली माणसं, कोंबड्या, सिमेंटची पोती, सगळं त्याच्या त्या लांबुडक्या गाडीत मावायचं. माझं कॉलेज त्याच गाडीनं केलं. इंजिन गेल्यावर ती घरामागं चिंचेखाली उभी राहिली. भंगारवाला येऊन विचारायचा आणि दादा म्हणायचा, "राहू दे."

बैलगाड्यांच्या शर्यती पुन्हा सुरू झाल्या तशी दादानं खिलार बैलांची जोडी घेतली. बैल घाटावर, म्हणजे शर्यतीच्या धावपट्टीवर, न्यायला दर वेळी कुणाचा तरी पिकअप मागावा लागे. मी तोवर चाकणच्या एका कारखान्यात नोकरीला लागलो होतो आणि दादासाठी अजून एक बोल्टही आवळला नव्हता. म्हणून मी सुचवलं: तुझ्या गाडीचाच ट्रेलर करू. मंचरच्या भंगारातून तशीच दुसरी गाडी आणायची, दोन्हींचे मागचे भाग कापून एकामागं एक जोडायचे, खाली नवी चासी टाकायची, तळ फूटभर खाली घ्यायचा. बैल एकामागं एक उभे राहतील. डोक्यावर छप्पर, खिडक्यांतून वारा.

दादानं गाडीकडं पाहिलं. "कापायची?" एवढंच म्हणाला.

मी ड्रॉइंग पुढं केलं. तीन रंगांत काढलेलं, वर लॅमिनेशन. बैलाच्या जागी मी एक नीटनेटका आयत काढला होता. माप स्वतः टेप लावून घेतलं होतं, खुरापासून वशिंडापर्यंत. त्या वेळी बैल गव्हाणीत तोंड घालून कडबा खात होता, त्यामुळे डोकं पाठीच्या खालीच होतं. मी शिवाय सहा इंच मोकळी जागा सोडली आणि स्वतःच्या दूरदृष्टीवर खूश झालो.

दादानं ड्रॉइंग दोन्ही हातांनी धरलं, उलटं धरलंय हे कळल्यावर सुलटं केलं, आणि म्हणाला, "काप."

गावातल्या वेल्डरनं गॅसकटर लावला तेव्हा दादा शेतावर निघाला. उरलेले पुढचे भाग भंगारात देऊ असं मी म्हटलं, तर जाता जाता म्हणाला, "राहू दे."

दोन आठवड्यांत ट्रेलर उभा राहिला. पांढरा रंग दिला, वहिनीनं नारळ फोडला. राजुरीच्या यात्रेतली शर्यत चार दिवसांवर होती. दादानं पुढचा बैल फळीवरून चढवला. बैल दारापर्यंत शहाण्यासारखा आला, मान वर केली, आणि त्याची हातभर लांब शिंगं छपराच्या कडेला टणकन वाजली. तो मागं सरला. पुन्हा चढवला, पुन्हा टण.

वहिनी नारळाचे तुकडे वाटायची थांबली. मी खिशातला टेप बाहेर काढला. आता त्यानं काय मोजणार होतो, देव जाणे.

शेवटी वेल्डर म्हणाला, "मला पयल्याच दिवशी वाटलं व्हतं, शिंगं कुठं जात्याल."

"मग बोलला का नाहीस?"

"राव, तुमी शिकलेले. वर त्यो कागद. म्हटलं शिंगांचं काय तरी काढलं असंल."

मी दादाकडं पाहिलं. त्यानं मान खाली घातली. "मलाबी वाटलं व्हतं," तो म्हणाला. "पण तू काढल्यालं ना."

त्याची गाडी मी कापली होती आणि ती आता ना गाडी होती ना ट्रेलर. मी म्हणालो, "छप्पर काढून टाकू." मग ती इतर कुठल्याही ट्रॉलीसारखी उघडी ट्रॉली झाली असती.

दादा चिंचेखाली गेला, उरलेल्या पुढच्या भागांभोवती एक फेरी मारली आणि दारं हातानं ठोकून पाहिली. चार दारं, चार खिडक्या. "छप्पर वर उचलू," तो म्हणाला. "मधी ही दारं बसवू. काचा काढून."

वेल्डरनं डोकं खाजवलं. "लई उंच दिसंल, भाऊ."

"बैलाला इचार, त्याला कसं वाटतंय."

तीन दिवस दोघं राबले. मी पत्रा धरायचं काम केलं. ड्रॉइंग वहिनीनं पिठाच्या डब्यावर झाकण म्हणून ठेवलं होतं. लॅमिनेशन चांगलं होतं, ओलं होत नव्हतं.

यात्रेच्या सकाळी ट्रॅक्टरमागून आमचा दोन मजली ट्रेलर राजुरीकडं निघाला. खालच्या खिडक्यांतून बैलांचे डोळे, वरच्यांतून शिंगं. पुढच्या बैलाचं उजवं शिंग दादाच्या जुन्या ड्रायव्हरच्या दारातून बाहेर आलं होतं. त्या खिडकीच्या कडेचा रंग वडापच्या दिवसांत दादाच्या कोपरानं घासून गेलेला होता आणि वेल्डरनं तेवढाच भाग रंगवायचा सोडला होता. कोणी सांगितलं होतं, मी विचारलं नाही.

घाटावर लोक गोळा झाले. एकानं हसत विचारलं, "पावणं, हे असलं कुणी बनिवलं?"

"आमच्या धाकट्यानं," दादा म्हणाला. "इंजिनेर हाय."

खरं सांगायला मी तोंड उघडलं, पण दादानं माझ्या हातात दावं दिलं. "धर," तो म्हणाला. "आन् मान वर करू दे त्याला."