डावा कौल

हे मी कुणालाच सांगितलेलं नाही. बायकोला नाही, काकांना नाही, आईला तर नाहीच. तुला सांगतोय, कारण तू आमच्या गावचा नाहीस — उद्या एसटी स्टँडवर तू मला भेटणार नाहीस, एवढंच.

कुठून सुरुवात करू? वाचण्यापासूनच करतो. मला वाचता येतं. पण ओळ धरली की मध्येच सुटते, आणि ती परत सापडेपर्यंत आधी वाचलेलं गेलेलं असतं. लिहायला बसलो की डोक्यातलं हातापर्यंत पोचत नाही. शाळेत मी ढ म्हणूनच ओळखला जायचो. मग टीवायपर्यंत आलो कसा? ऐकून. वर्गात एकदा ऐकलेलं मला वर्षभर आठवायचं. पेपरात काठावरचे मार्क पडायचे आणि मी पुढे सरकायचो.

मालवणच्या कॉलेजात आम्हाला फर्नांडिस मॅडम अर्थशास्त्र शिकवायच्या. साल २००३. तोंडी विचारलं की मी सगळ्यांच्या आधी बोलायचो, आणि पेपर मात्र अर्धा कोरा. एक दिवस त्यांनी मला स्टाफरूममध्ये बसवून घेतलं. म्हणाल्या, हा आळस नाही, याला डिस्लेक्सिया म्हणतात, माझ्या गोव्यातल्या भाच्यालाही आहे. मुंबईच्या हॉस्पिटलात तपासणी करून दाखला आणायचा, मग विद्यापीठ लेखनिक देतं, वेळही वाढवून देतं. आपण बोलायचं, त्याने लिहायचं. फॉर्मसुद्धा त्यांनीच भरून दिला. फक्त घरच्यांची परवानगी हवी होती.

मला आनंद व्हायला हवा होता ना? मला धडकी भरली. लेखनिक आपल्यापेक्षा खालच्या इयत्तेतला लागतो. म्हणजे आमच्याच वाडीतलं कुणीतरी माझ्यासमोर बसणार, आणि संध्याकाळच्या एसटीत सगळ्यांना कळणार. आणि त्याहून मोठी भीती — तपासणीत काही निघालंच नाही तर? मग मी नुसताच ढ. तोही सरकारी शिक्क्यासकट.

आमच्याकडे अशी मोठी गोष्ट देवाला विचारल्याशिवाय होत नाही. कौल लावतात. मूर्तीवर दोन्ही बाजूंना ओल्या पाकळ्या चिकटवायच्या, गाऱ्हाणं घालायचं, आणि वाट बघायची. उजवी आधी पडली तर होकार, डावी पडली तर नकार. आमचं घर गुरवाचं, पूजा काकांकडे. पण त्या आठवड्यात काकांचा हात प्लास्टरमध्ये होता, म्हणून पाकळ्या लावायचं काम माझ्याकडे आलेलं. ज्याचा प्रश्न त्यानेच पाकळ्या लावाव्यात का, हे कुणाच्या मनातही आलं नाही. घरचा मुलगा, आंघोळ करून आलेला — त्याच्यावर कोण संशय घेणार?

आई मॅडमचा फॉर्म पदराखाली धरून आली. बाबा गेल्यापासून माझं सगळं तीच बघायची, आणि तिला स्वतःला एक अक्षर वाचता येत नव्हतं. काकांनी गाऱ्हाणं घातलं, "बा देवा म्हाराजा, ह्या लेकराक मुंबैक न्हेवचां काय नाय, तां तू सांग." मागून आई म्हणाली, "व्हय म्हाराजा."

इतकं फिरून आलो, आता सांगतो. उजवीकडची पाकळी मी पाण्यात पुरती बुडवली आणि अंगठ्याने घट्ट दाबली. डावीकडची जवळजवळ कोरडीच टेकवली. लहानपणापासून हे काम बघणाऱ्याला कळतं, कुठली आधी सुटणार ते.

डावी पडली.

आई रडली नाही. एवढंच म्हणाली, "देवाक नको तर नको. माझाच कायतरी चुकला असात."

तेव्हा तोंड उघडायला काय झालं होतं मला? काकांच्या मागे उभा राहून मी तबक पुसत राहिलो.

त्या वर्षी नापास. ऑक्टोबरला परत नापास. आता मलाच तो लेखनिक हवा होता, सगळी एसटी हसली असती तरी चाललं असतं — पण मागू कसा? एकदा विचारलेलं देवाला परत विचारत नाहीत. खरं सांगावं, तर काकांनी आजवर लावलेल्या प्रत्येक कौलावर लोक बोट ठेवणार. विहिरींच्या जागा, सोयरिकी, भावाभावांतले तंटे — सगळं त्या पाकळ्यांवर ठरलेलं. मॅडमना तर कौलानंतर लगेचच फॉर्म परत देऊन सांगितलं होतं, देव नको म्हणतो. त्या ख्रिश्चन, आमच्या देवाविरुद्ध काय बोलणार? त्यांनी माझ्याकडे नीट बघितलं आणि फॉर्मची घडी करून पर्समध्ये ठेवली. मला वाटतं, त्यांनी ओळखलं होतं.

तिसऱ्यांदा नापास झालो तेव्हा आईने मासे सोडले.

आमच्या किनाऱ्यावर हे काय असतं, कसं सांगू? सोमवार-एकादशी सोडली तर माशाशिवाय तिचा घास उतरायचा नाही. बाजारात प्रत्येक बांगड्याचा कल्ला उचलून बघायची, विकणाऱ्या बायका तिला बघून कपाळाला हात लावायच्या. ती बाई देवासमोर उभी राहिली आणि म्हणाली, "माझ्या झिलाक पास कर. मी जल्मात मासो खावचंय नाय." मी तिथेच होतो. तबक माझ्याच हातात होतं.

पुढे मी मालवणात एका हार्डवेअरच्या दुकानात लागलो. २००९मध्ये मित्राच्या लग्नाचं निमित्त सांगून मुंबईला गेलो, तपासणी केली, दाखला आणला. मॅडमनी काही न विचारता नवा फॉर्म भरला. परीक्षेचं केंद्र मी मुद्दाम कुडाळचं घेतलं. एफवायची एक मुलगी समोर बसली. मी बोलत गेलो, ती लिहीत गेली. मध्ये एकदाच म्हणाली, "जरा सावकाश सांगा." सहा वर्षं मी ज्याला भ्यायलो, ते एवढंच होतं.

पास झालो. आई पेढे घेऊन देवळात धावली. देवाने ऐकलं, असं ती वाडीभर सांगत फिरली, आणि मी सगळ्यांच्या पाया पडून आशीर्वाद घेतले. घरी आल्यावर म्हटलं, आता तरी खा. ती हसली. "देवाक दिल्ला परत घेवचा नसता रे. त्येणा तुजी डिग्री परत घेतल्यान तर?"

या गोष्टीला वर्ष झालं. घरात मासे अजून तीच करते, दुसऱ्या कुणाच्या हातचे तिला पसंत नसतात. फक्त चव बघता येत नाही. म्हणून कढ आला की पळीत थोडं सार घेऊन मला हाक मारते, "मीठ बघ रे."

मी बघतो. ती माझ्या तोंडाकडे बघत उभी असते. "बरोबर आसा," मी म्हणतो. कमी असलं तरी तेच म्हणतो, आणि ताटातलं सगळं संपवतो.