चंदगडची गादी जयसिंगपूरला गेली

मंडळी, आज जेवणाचा डबा तसाच घरी आणलाय.

कोल्हापूरच्या एका गोदामात मी खोक्यांवरची लेबलं बघून माल काढते, रवाना करते. गेल्या आठवड्यात माझ्या हातून दोन लेबलांची अदलाबदल झाली. अंथरुणाला खिळलेल्या एका आजींची हवेची गादी चंदगडऐवजी जयसिंगपूरला गेली.

आज ती परत आली. लगेच पाठवते, हे सांगायला मी त्यांच्या मुलाला फोन लावला.

"आता नगा पाठवू, ताई. आई सकाळीच गेली. पाठीला लई जखमा झालत्या. रोज इचारायची, गादी आली का रं?"

चूक माझी होती, हे न सांगताच फोन ठेवून दिला.

पुन्हा फोन करून माफी मागू का? त्याच्या जागी तुम्ही असता, तर चूक माझी होती, हे ऐकणं तुम्हाला सोसलं असतं का?