पासपोर्टवरचं स्वस्तिक

ओल्या कुंकवाचा वास आला की म्हसवडचं आमचं देवघर आठवतं. मी शिकायला जर्मनीला निघालो होतो. दुसऱ्या दिवशी व्हिसाची मुलाखत, आणि आईनं पासपोर्टच्या कोऱ्या पानावर बोटानं ठसठशीत स्वस्तिक काढलेलं. हे काय केलंस म्हणून मी ओरडलो. "नवा ट्रॅक्टर बी पुजूनच भाईर काडला की," ती म्हणाली. हिटलरमुळं त्या देशात असलं चिन्ह बघून लोकांच्या अंगावर काटा येतो, हे सांगितल्यावर ती पांढरीफटक पडली, पदरानं पुसायला लागली आणि सगळं पान लाल झालं. पासपोर्ट बाद झाला, मुलाखत हुकली, वर्ष वाया गेलं. पुढच्या वर्षी नव्या पासपोर्टवर निघताना मी दह्यासाठी हात पुढं केला, तर ती पदरात हात गुंडाळून लांबच उभी राहिली. अजूनही सुट्टी संपवून निघताना मी हात पुढं करतो. ती अजून लांबच.