लांबून मोजलेला श्वास

"तू हात नको लावूस. लांबूनच बघ काय बघायचं ते. ती केरळची सिस्टर आली की ती लावेल हात."

दुपारचे दोन वाजले होते. नोएडातल्या एका खासगी हॉस्पिटलातला मुलांचा वॉर्ड, कोपऱ्यातली खोली. बोलणारी आजी. बेडवर तिची दोन वर्षांची नात मिनू, ताप आणि छातीत कफ म्हणून आदल्या दिवशी भरती झालेली. मी ड्यूटीवरची नर्स, हातात चार्ट. मिनूची आई सोफ्यावर लॅपटॉप घेऊन बसली होती. तिने एकदा वर पाहिलं, मग पुन्हा खाली.

हे सगळं मराठीत चाललं होतं. तेच जास्त लागलं.

दिल्लीकडे येऊन मला चार वर्षं झालेली आणि मराठी बोलायला माणूस नाही. खोलीवर दोघी मल्याळी मुली, त्यातली एक ह्याच वॉर्डातली सिस्टर, वॉर्डात हिंदी, फोनवर आई, तीही रविवारची. आदल्या दिवशी मिनू "पाणी दे" म्हणाली. मी पटकन "देते हं बाळा" म्हणाले, तर आजी खुर्चीतून उठलीच.

"अगंबाई, तू आपली मराठी?"

दिल्लीत मयूर विहारला राहून तीस वर्षं झाली, मुलगा-सून दोघं आयटीत, नातीला धड मराठी येत नाही, यार म्हणते आजीला, असं सगळं सांगून झालं. डबा उघडून माझ्या हातावर बेसनाचा लाडू ठेवला. मला इतका आनंद झाला की आता आठवलं तरी स्वतःचा राग येतो. मग गाव विचारलं. मग आडनाव. माझ्या बिल्ल्यावर नुसतं नाव आहे. मी आडनाव सांगितलं.

"अच्छा," आजी म्हणाली. डब्याचं झाकण लागलं.

शिवी नाही, आरडाओरडा नाही. फक्त त्यानंतर पाण्याचा ग्लाससुद्धा माझ्या हातून घेतला नाही. टेबलावर ठेव म्हणाली.

लहान मुलाचा श्वास मोजायची एक रीत असते. मूल शांत असताना अंगावरचं झबलं वर करायचं आणि उघड्या छातीपोटाकडे बघत पूर्ण एक मिनिट मोजायचं. बरगड्यांखाली खळगा पडतोय का ते बघायचं. आमच्याकडच्या बायका म्हणतात, पोट उडतंय. दोन वर्षांचं लेकरू दम लागलाय हे बोलून सांगत नाही. पांघरुणावरून ते दिसतही नाही. मी नवीन मुलींना हे शिकवते.

आणि मी बेडच्या पायथ्याशी उभी राहिले. पांघरूण हलताना पाहिलं. अर्धं मिनिट मोजलं, दुप्पट केलं, छत्तीस लिहिलं. छत्तीस म्हणजे ठीक. खरं सांगते, मला फक्त त्या खोलीतून बाहेर पडायचं होतं.

माझी आई तालुक्याच्या दवाखान्यात आया होती. बाळंतिणींची घाण तिने काढायची, आणि बारशाला बोलावलंच तर तिला ओट्याखाली बसवायचे. मी शिकले ते त्या ओट्याखालून उठण्यासाठी. त्या दुपारी कुणी ढकललं नाही. माझी मीच जाऊन तिथे बसले.

तीन वाजता केरळची सिस्टर वाफ द्यायला गेली. तिने झबलं वर केलं आणि ओरडलीच. पोट उडत होतं, नाकपुड्या फुलत होत्या. पूर्ण मिनिटात बासष्ट श्वास. ऑक्सिजन लावला, डॉक्टर धावले, मिनूला आयसीयूत नेलं.

"ये छत्तीस किसने लिखा?" इन्चार्ज मॅडमनी विचारलं.

"हिने," आजी म्हणाली. आणि मॅडमना कळावं म्हणून हिंदीत, "इनको गिनती कहाँ आती है. कोटे से भरती होते हैं."

तळपायाची आग मस्तकात गेली. पण आकडा माझाच होता.

मी मिनूच्या आईला जिन्यापाशी गाठलं. म्हटलं, "ताई, दोन वाजता आजी काय म्हणाल्या ते तुम्ही ऐकलंत. तेवढं मॅडमना सांगाल का?"

"मी कॉलवर होते," ती म्हणाली. तिचे डोळे रडून सुजले होते. तरी ती हेच म्हणाली.

संध्याकाळी माझ्याकडून लेखी खुलासा मागितला. मी दोन ओळी लिहिल्या. पहिली, मी श्वास चुकीचा मोजला. दुसरी, जातीमुळे नातेवाइकांनी मला मुलीला हात लावू दिला नाही आणि मी ते ऐकलं.

"दूसरी लाइन काट दो," मॅडम म्हणाल्या. "पहली काफ़ी है."

"नहीं मैडम."

"नौकरी की सोचो."

खोलीवर आले तर केरळची सिस्टर म्हणाली, छोड़ ना यार. ती वाईट नाही. पण तिला कुणी "हात नको लावूस" म्हटलं नव्हतं. रविवार नसताना मी आईला फोन लावला आणि दुसरंच काहीतरी बोलत बसले.

मिनू वाचली. तिसऱ्या दिवशी तिला परत त्याच खोलीत आणलं. ड्यूटी माझी. आजी दारातच आडवी आली. "दुसरी सिस्टर पाठव."

"आज मीच आहे."

"मी कंप्लेंट करीन."

"करा. कशासाठी करताय तेही लिहा."

मी बाजूने आत गेले. हात चोळून गरम केले. मिनूचं झबलं वर केलं, छातीवर हात ठेवला. ती माझ्याकडे बघत राहिली. मागे आजी बोलत होती, सूनबाई लॅपटॉपकडे बघत होती. मी पूर्ण मिनिट मोजलं. चौतीस.

खुलाशावर अजून निर्णय झालेला नाही. दुसरी ओळ मी काढलेली नाही, काढणार नाही. इथून घालवलं तर दुसऱ्या वॉर्डात जाईन, तिथेही एकटी असेन. माझ्या चुकीने एक लेकरू जाता जाता राहिलं, ते मी कुणाच्या माथी मारणार नाही. पण यापुढे कुणीही मला मुलापासून लांब उभं केलं, तर मी आकडा लिहिणार नाही. कुणी लांब उभं केलं ते लिहीन, आणि खाली सही करीन.