चष्मा पुसण्याची खूण

वडगावच्या कोर्टातले सरकारी वकील खटला मागे घ्यायचा असला की आधी उपरण्याने चष्मा पुसत. मॅजिस्ट्रेट कारण विचारीत नसत. ही खूण साऱ्या मावळाला ठाऊक होती.

खंडाळ्याच्या एका बंगलेवाल्याने टेनिसच्या मैदानासाठी राखीव जंगलातली झाडे पाडली होती. त्याच्या खटल्यात चष्मा पुसला गेला. त्यानंतर कुरवंड्याची म्हातारी उभी राहिली. भाताच्या रोपांसाठी राब भाजायला तिने त्याच जंगलातल्या फांद्या तोडल्या होत्या.

"वकीलसायब, माज्या येळंला बी पुसा की चष्मा," ती म्हणाली.

कोर्ट हसले, वकीलही हसले. मग जरब बसावी म्हणून त्यांनी कैद मागितली आणि ती मिळाली.

त्या दिवशी मीही कोर्टात होतो. परतताना लोणावळ्याच्या गाडीत वकील मला म्हणाले, "म्हातारी मोठी गमतीची होती हो."

तिचे शेत त्या वर्षी पडीक राहिले.