घोळणा फुटला तेव्हा

एप्रिलमधली सकाळची शाळा सुटली होती. भाचीला न्यायला मी फाटकापाशी उभी होते, तेवढ्यात दुसरीतल्या एका मुलीचा घोळणा फुटला. सदऱ्यावर रक्ताचे थेंब पडले आणि आम्ही मोठी माणसंच गडबडलो. एका आजोबांनी तिची मान मागे केली, एक काकू हुंगवायला कांदा आणायला समोरच्या घरात धावल्या, मी बाटलीतलं पाणी तिच्या टाळूवर थापायला निघाले.

तिनं आमचे हात शांतपणे बाजूला केले. पायरीवर बसून मान पुढे झुकवली, नाकाचा मऊ भाग चिमटीत धरला आणि तोंडानं श्वास घेत राहिली.

"ऊन बाधलं पोरीला," आजोबा म्हणाले. आम्ही सगळ्यांनी माना डोलावल्या.

बऱ्याच वेळानं तिनं चिमूट सोडली. रक्त थांबलं होतं.

"ऊन नाही आजोबा," ती म्हणाली, "मी नाकात बोट घातलं होतं."

माझ्या दुखण्यांचं खापर मी आजवर हवेवर, धावपळीवर, घरच्यांवर फोडत आले. चारचौघांत इतकं सरळ मला कधी बोलता आलं नाही.

बाटलीतलं पाणी मी तिच्या हातावर घातलं. तिनं आधी ते बोट धुतलं.