भाऊची पेटी वाजायची तेव्हा

भाऊ गेला ती दुपार साधीच होती. चैत्रातलं ऊन, अंगणात वाळत घातलेल्या शेवया, आणि मी ओसरीवर पेपर वाचत बसलेलो. वहिनी पलीकडच्या दारातून मला हाका मारत होती, पण माझा डावा कान तिच्या बाजूला होता आणि त्या कानानं मला ऐकू येत नाही. ती धावत आली आणि तिनं माझा खांदा गदागदा हलवला. "भावजी, यायले पाहा न... बोलून नाई राह्यले." मी उठलो तेव्हा मला एकच भीती होती, करंटची. गेली सात वर्षं रोज कुठल्या ना कुठल्या क्षणी वाटलेली भीती. भाऊ त्याच्या टेबलाशी खुर्चीत मागे टेकलेला होता, चष्मा कपाळावर, हात मांडीवर. सोल्डरिंगची कांडी स्टँडमध्ये होती, तिच्या टोकाचा राळेचा धूर अजून विरायचा होता. वहिनीनं त्याला हात लावायच्या आधी भिंतीतली पिन ओढून काढली होती. त्यानंच तिला तसं शिकवलं होतं, आधी पिन, मग माणूस. डॉक्टर म्हणाले, हृदय थांबलं, विजेचा काही संबंध नाही. मी त्यांना तीनदा तेच विचारलं. तिसऱ्यांदा ते माझ्याकडे जरा वेगळ्या नजरेनं बघायला लागले.

त्यांना काय सांगणार होतो मी? ही भीती नुसती सात वर्षांची नाही, पन्नास वर्षांची आहे.

आमचं गाव इंझोरी. भाऊ माझ्याहून सहा वर्षांनी मोठा, नाव मधुकर, पण घरीदारी सगळे भाऊच म्हणायचे. दहावीच्या सुमारास त्याला रेडिओचं वेड लागलं. कुठून तरी मिळालेलं एक फाटकं मासिक, त्यातली आकृती, आणि अकोल्याहून कुणाच्या हाती मागवलेले चार-सहा सुटे भाग. साबणाच्या डबीत बसेल एवढा रेडिओ त्यानं केला. त्याला आवाज फार बारीक, म्हणून एकाच कानात घालायचा इयरफोन. आणि त्याला लांब तार लागायची. भाऊनं घराच्या पाख्यापासून अंगणातल्या निंबाच्या शेंड्यापर्यंत तांब्याची तार ओढली. त्या तारेतून नागपूरचं स्टेशन आमच्या घरात यायचं. वडील शेतातून आले की हात न धुताच म्हणायचे, "लाव रे मधू, आइकू दे."

ज्येष्ठातली संध्याकाळ होती. आभाळ भरून आलं म्हणून भाऊ बाहेरची ज्वारी गोळा करायला धावला. जाताना इयरफोन माझ्या कानात खुपसून म्हणाला, "गजू, आइकत राह्य. बातम्या लागल्या का मले आवाज दे." मी अकरा वर्षांचा. बाजेवर बसलो होतो. त्यानंतरचं मला फक्त पांढरं आठवतं. आवाज आठवत नाही... लोक म्हणतात गावभर ऐकू गेला, मला काहीच ऐकू आलं नाही. वीज निंबावर पडली आणि तारेनं आत आली. शुद्धीवर आलो तेव्हा आई तोंड हलवत होती आणि माझ्या डाव्या कानातून रक्त येत होतं. उजवा कान आठवडाभरानं परत आला. डावा आलाच नाही.

भाऊला कुणी एक शब्द बोललं नाही. वडील तर नाहीच. पण दुसऱ्या दिवशी त्यानं तार, डबी, मासिक, सगळं बारदान्याच्या पोत्यात भरलं आणि गावाबाहेरच्या पडक्या विहिरीत टाकून आला. पुढं तो तहसिलीत कारकून झाला, वाशिमला राहिला, लग्न, मुलगी, सगळं यथासांग. घरातला पंखा बंद पडला तरी तो वायरमनला बोलवायचा. आणि आयुष्यभर, लग्नाच्या पंगतीत असो की एस.टी.त, तो न चुकता माझ्या उजव्या बाजूला येऊन बसायचा. कानाबद्दल मात्र आम्ही दोघं कधीच बोललो नाही.

सात वर्षांपूर्वी निवृत्त होऊन तो गावात परत आला. एका दिवशी कुरिअरवाल्यानं पत्ता विचारत एक लहानसं खोकं आणून दिलं. भाऊनं ते माझ्यासमोर उघडलं. आत रेझिस्टन्स, कपॅसिटर, तारांची गुंडाळी. मी शाळामास्तर माणूस, तीस वर्षं मुलांना विज्ञान शिकवलं, वीज कशी पडते ते फळ्यावर काढून दाखवलं... पण ते खोकं बघून मी उठलो आणि सरळ घरी आलो.

त्याला सगळं पुन्हा पहिल्यापासून शिकावं लागलं. त्याच्या वेळचे ट्रान्झिस्टर आता कुठं मिळत नव्हते, नवे भाग तांदळाच्या दाण्याएवढे. रेझिस्टन्सवरचे रंगांचे पट्टे त्याला दिसायचे नाहीत, तपकिरी आणि लाल सारखेच वाटायचे. मग वहिनीला बसवायचा, "पाय बरं, हा कोनता रंग?" हात कापायचे. सोल्डरचा थेंब भलत्याच ठिकाणी पडायचा. तो मोबाइलवर कुठल्या कुठल्या पोरांचे व्हिडिओ लावून, थांबवून थांबवून वहीत आकृत्या काढायचा. चाळीस वर्षांपूर्वी जे बोटांना येत होतं ते बोटं विसरली होती. बोर्ड जळाले, भाग जळाले, एकदा टेबलावरचं कापड जळालं. वहिनी मला येऊन सांगायची आणि माझी झोप जायची.

शेवटी मी गेलो आणि दारातूनच विचारलं, "हे काहून करून राह्यला तू? या वयात?"

त्यानं खुर्ची वळवली. "इजेची पेटी करतो. दूर कुठी इज कडाडली का रेडिओत खरखर होते न, तेच पकडाचं. कडाडली का पेटी टिक करन. टिकटिक वाढली म्हंजे इज जवळ येऊन राह्यली. शेतातल्या मानसाले घरी पळाले टाइम भेटन."

"आनि तार? तार कुठी लावशीन?"

त्यानं बोटाएवढी एक काळी कांडी माझ्या हातावर ठेवली, तिच्यावर बारीक तार गुंडाळलेली होती. "तार नाई, गजू. बाहेर काहीच नाई. तारेचं काम ही फेराइटची कांडी करते, पेटीतच राह्यते. सेलवर चालते. याच एका गोष्टीपायी दोन वर्सं गेले माये."

ती कांडी थंड होती. तरी मी ती पटकन टेबलावर ठेवून दिली.

पेटी तयार झाली ती दिवाळीआधी, सोयाबीनच्या सोंगणीच्या, म्हणजे कापणीच्या वेळी. हेच दिवस आमच्याकडे जास्त घातकी. सकाळी लख्ख ऊन, दुपारून आभाळ, आणि बाया भर वावरात वाकलेल्या. जवळ झाड असलं तर त्याच्याखाली धावायचं, एवढंच सगळ्यांना माहीत. माझ्या शेतात सहा बाया सोंगायला होत्या. भाऊ पेटी घेऊन धुऱ्यावर, शेताच्या बांधावर बसला. दुपारी पेटी टिकटिक करू लागली. भाऊ ओरडला, "चाला, चाला, देवळात चाला!" मारोतीचं देऊळ तिथून पाच-सात मिनिटांवर, वर पक्का स्लॅब. बाया विळे टाकून धावल्या. तासभर बसलो. आभाळात ढग नाही. मग कळलं, शेजारच्या विहिरीवरची मोटर चालू-बंद होत होती, तिच्या स्टार्टरच्या ठिणगीनं पेटी वाजली. सगळ्यांत वयस्कर विमलबाई पदर तोंडाला लावून हसली, "भाऊ, तुमची पेटी तं मोटारीले भेते!" भाऊही हसला, पण त्याच्या कानाच्या पाळ्या लाल झाल्या होत्या. त्यानं आठवडाभर पेटी उघडून पुन्हा जोडली.

नंतर पुन्हा वाजली तेव्हा पश्चिमेला, पार दूर, राखेच्या रंगाची एक पट्टी होती. डोक्यावर ऊन. टिक... टिक... मग टिकटिकटिक. मोटर बंद होती, मी स्वतः बघून आलो. भाऊनं आवाज दिला. चार बाया निघाल्या. विमलबाई आणि तिची जाऊ थांबल्या. "मांगच्या वक्ती बी वाजली होती. एवढी पात राह्यली, काढून येतो, तुमी व्हा पुढं."

आम्ही देवळात पोचलो आणि वारा सुटला. दहा मिनिटांत अंधारल्यासारखं झालं. भाऊ सारखा बाहेर बघत होता. मग त्यानं पेटी माझ्या हातात दिली. "थ्या आल्या नाई. मी घेऊन येतो."

"जाऊ नोको, भाऊ."

तो गेला. चौसष्ट वर्षांचा माणूस, दुखरे गुडघे, डोक्यावर काही नाही. मी त्याच्यामागे जायला हवं होतं. मी लहान होतो त्याच्याहून, धडधाकट होतो. माझे पाय हलले नाहीत. खांबाला पाठ लावून मी उभा होतो, हातात ती पेटी, आणि ती आता टिक टिक करत नव्हती, सलग किंचाळत होती. मग पांढरं झालं. या वेळी आवाज आला मला. उजव्या कानानं, छातीनं, पायाखालच्या फरशीनं. चारही बाया एकमेकींना बिलगल्या. मला वाटलं, संपलं. मला वाटलं, त्या दिवशी मी वाचलो त्याची राहिलेली वसुली आज झाली.

पावसातून तीन आकृत्या आल्या. मधे विमलबाई, एका हाताला जाऊ, दुसऱ्या हाताला भाऊ. पण भाऊ तिला आणत नव्हता, ती भाऊला आणत होती. त्याचे दात वाजत होते. वीज शेताच्या कडेच्या बाभळीवर पडली होती. त्या दोघी आडोशाला त्याच बाभळीकडे निघाल्या होत्या, भाऊनं हात धरून त्यांना तिथून उघड्या वाटेवर ओढलं होतं. विमलबाई पायरीवर बसली आणि कितीतरी वेळ स्वतःच्या तळव्यांकडे बघत राहिली.

त्यानंतर भाऊनं पेटी कपाटात टाकली. चार दिवस टेबलाशी बसला नाही. मी गेलो तर म्हणाला, "माह्यानं होत नाई, गजू. वाजली तरी लोकं आइकत नाईत. आनि एखांद्या दिवशी नाई वाजली, आनि तिच्या भरोशावर कोनी वावरात राह्यलं, तं? मंग कोनाले तोंड दाखवू? एकडाव झालं तेवढं पुरे हाय मले."

एकडाव. पन्नास वर्षांत पहिल्यांदा त्यानं ते तोंडातून काढलं.

मग मीही बोललो. म्हणालो, "त्या दिवशी तू मले रेडिओ आइकाले देल्ला होता, भाऊ. मले तो आवडत होता. तू पोत्यात भरून टाकला तवा मी रडलो, कानासाठी नाई, रेडिओसाठी. तुले कधी सांगतलं नाई. मले अजून बी भेव वाटते, इज चमकली का मी घरात जाऊन बसतो. पन तू हे बंद केलं तं मले अजून भेव वाटन."

त्यानं चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला. दुसऱ्या दिवशी कपाट उघडल्याचा आवाज मला माझ्या ओसरीवर आला.

पुढच्या हंगामात पेटी वाजली की बाया विचारत नव्हत्या, निघत होत्या. विमलबाई सर्वांत पुढे. गावातून आणखी दोघांनी मागितली. पोहरादेवीकडच्या एका तांड्यावरच्या माणसानं मागितली, त्याची माणसं दूरच्या शेतांत कामाला जातात. भाऊ गेला त्या दुपारी तो तीच पेटी करत होता. अर्धी झाली होती.

आता ज्येष्ठ लागलाय. मागच्या आठवड्यात माझ्या शेतात बाया धसकटं वेचत होत्या, पेरणीआधीची साफसफाई. पेटी मी नेली होती, दुसरं कोण नेणार? वहिनीनं सेल बदलायला सांगितलं म्हणून धुऱ्यावर बसून मी पहिल्यांदाच तिचं झाकण उघडलं. झाकणाच्या आतल्या बाजूला पांढरी चिकटपट्टी होती, तिच्यावर भाऊचं तहसिलीतलं गोल अक्षर. वाचलं आणि झाकण लावलं. दक्षिणेकडून आभाळ काळं होत होतं. पेटी गप्प. मी बटन दोनदा बघितलं, दिवा लागलेला. आभाळ वर चढत होतं, वारा पडला होता आणि पेटी गप्प.

"बाया हो, चाला," मी ओरडलो. "देवळात चाला."

विमलबाईनं मान वर केली. "पेटी वाजली काय, मास्तर?"

"नाई."

"मंग?"

"मले भेव वाटून राह्यलं."

ती क्षणभर माझ्याकडे बघत राहिली. मग तिनं टोपली तिथंच ठेवली, बाकीच्यांना हात केला, आणि सगळ्या निघाल्या. कुणी हसलं नाही. आम्ही देवळात बसलो. धुळीचा लोट आला, दहा-बारा थेंब पडले, आभाळ पुढे निघून गेलं. वीज काही चमकली नाही. मी ओशाळून पेटी मांडीवर घेऊन बसलो होतो. मग मी विमलबाईला झाकण उघडून ती पट्टी दाखवली. तिला वाचता येत नाही. म्हणाली, "वाचून दाखवा न."

मी वाचलं. "वाजली नाही, पण भेव वाटलं, तरी निघून या. पेटीले सारं समजत नाही."

विमलबाईनं पट्टीवर अंगठा ठेवला, अक्षरं पुसली जाऊ नयेत इतक्या हलक्यानं.

"आनखी एकडाव वाचा," ती म्हणाली.